कप्तानाच्या दाढीची तपासणी

माणसाला जे दिसतं ते त्याला पुरत नाही; ते आणखी स्पष्ट दिसावं लागतं. मानवजातीची सगळी प्रगती या एका असमाधानातून झाली असून, आमच्या हॉलमधलं भिंतभर कपाट हे तिचं आजवरचं शेवटचं टोक आहे.

या कपाटात सिनेमांच्या डिस्क असतात. साध्या नव्हेत, वरच्या दर्जाच्या. सिनेमा फोनवरही बघता येतो असं मानणारी माणसं जगात आहेत. त्यांच्याविषयी बोलताना माझा नवरा आवाज खाली आणतो, जसा आपण कुणाच्या घरच्या आजारपणाविषयी बोलताना आणतो.

एकाच सिनेमाच्या इतक्या आवृत्त्या कशाला, हा अडाणी प्रश्न मीही विचारला होता. उत्तर सोदाहरण मिळालं. कपाटात एका जहाजाच्या कप्तानाचा सिनेमा आहे. साध्या डिस्कवर कप्तानाला दाढी आहे. तिच्या वरच्या डिस्कवर दाढीचे केस सुटेसुटे दिसतात. त्याहून वरच्या, मूळ रिळांवरून नव्यानं काढलेल्या आवृत्तीत दाढी खोटी असून ती कानाजवळ सुटत आली आहे, हे सिद्ध होतं. आता आणखी वरची आवृत्ती निघणार आहे. तीत डिंक दिसेल, अशी जाणकारांना आशा आहे.

जाणकार म्हणजे माझा नवरा आणि त्याचा भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी. दोघं दर रविवारी दुपारी तपासणी करतात. (सिनेमा ‘बघतात’ असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही.) पडदे ओढायचे. मिक्सर बंद. सोफा टेपनं मोजून ठरवलेल्या अंतरावर. झाडताना सरकल्यास झाडणाऱ्यानं तो स्वखर्चानं, म्हणजे स्वतःच्या कमरेच्या खर्चानं, जागेवर आणायचा. मग कप्तान डेकवर येतो, डोळ्याला दुर्बीण लावतो, आणि तिथेच त्याला थांबवतात. डिस्क बदलतात. पुन्हा थांबवतात. जहाज पुढे कुठे जातं, पोचतं की बुडतं, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, “वहिनी, गोष्टीचं काय, ती कुठल्याही डिस्कवर तीच असते.”

आमची गुंडी तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती. (खरं नाव शाळेसाठी राखून ठेवलं आहे.) तिला हा कार्यक्रम फार आवडे. कप्तान थांबला रे थांबला की ती उठून टीव्हीपाशी जाई आणि नाक काचेला टेकेल इतक्या जवळून दाढी पाही.

“अगं, बघ, बघ!” नवरा मला स्वयंपाकघरातून बोलावून घेई. “थेट कानापाशी गेली! कुठे सुटलीय ते हिला बरोबर कळलं!”

“रक्तात असतं हे, वहिनी,” भाऊजी म्हणत. “शिकवून येत नाही.”

माझं निरीक्षण थोडं वेगळं होतं. गुंडी ताटाकडेही तशीच बघायची. मुंगीकडेही. जिन्यात कुणी समोरून आलं की आवाज ओळखीचा होईपर्यंत माझं बोट सोडायची नाही. बाप दारात उभा असला तरी तो “गुंडे!” म्हणेपर्यंत त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहायची. मी हे घरात मांडलं.

इथे घरातली माझी पत सांगणं भाग आहे. गुंडीच्या जन्मापासून मी रीतसर काळजी केलेले विषय असे: टाळू, ढेकर, ढेकर न येणं, डावा कान उजव्यापेक्षा मोठा असणं, फार झोपणं, झोपेतून उठणं, आणि एकदा, आज कशाचीच काळजी कशी वाटत नाही, याची. यांतले शंभर टक्के विषय डॉक्टरांनी हसून निकालात काढले होते. त्यामुळे मी डोळ्यांचं नाव काढताच नवरा म्हणाला, “हो, डोळे राहिलेच होते, नाही का?” प्रेमानंच म्हणाला. प्रेमानं म्हटलेलं जास्त लागतं.

मग मी नियमावर बोट ठेवलं. पुढच्या रविवारी कप्तान थांबला, आणि गुंडी उठायच्या आत मी म्हटलं, “तपासणी ठरलेल्या अंतरावरूनच करायची ना? मग हिला एकटीलाच सवलत का?”

दोघं विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. गुंडीला सोफ्यावर मधोमध बसवण्यात आलं. सगळ्यात वरची आवृत्ती लावण्यात आली.

“हं, गुंडाबाई,” नवरा म्हणाला, “सांगा बघू, कप्तानाची दाढी कशी दिसते?”

“कप्तान कुठेय?”

“हा काय समोर!”

गुंडीनं डोळे बारीक केले. “समोर निळं आहे,” ती म्हणाली.

नवऱ्यानं उठून वायर तपासली. डिस्क काढून मऊ फडक्यानं पुसली, परत घातली. भाऊजींनी रिमोट घेऊन निळा रंग कमी केला. (शिकलेली माणसं दोष कुठे कुठे शोधतात, याचा नमुना म्हणून हा प्रसंग अभ्यासक्रमात लावायला हरकत नाही.)

“आणि आता?”

“आता थोडंच निळं आहे.”

भाऊजी पुन्हा रिमोट उचलणार होते. नवऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. तो सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसला, गुंडीच्या गालाला गाल लावून समोर बघू लागला. टीव्हीशेजारी भाऊजी श्वास रोखून उभे.

“गुंडे,” तो हळूच म्हणाला, “काका कुठे आहे, दाखव.”

गुंडीनं खोलीभर मान फिरवली. मग समजूत घालावी तशी म्हणाली, “काका, बोल ना.”

काका टीव्हीपासून निघाले आणि तिच्या अगदी नाकासमोर येऊन बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. नंबर बराच आहे म्हणाल्या, पण वेळेवर आणलंत. माझ्या कारकिर्दीत खरी ठरलेली ही पहिलीच काळजी. (हे यश मला नको होतं.) नवऱ्यानं बाईंना विचारलं, काचांमध्ये सगळ्यात वरचा दर्जा कुठला. बाई म्हणाल्या, तिच्या नंबरचा.

चष्मा आला, मागे पट्टा असलेला. तो गुंडीला घालून आम्ही दुकानाबाहेर आलो, तेव्हा नवरा रस्त्यापलीकडे गाडी काढायला गेला होता. त्यानं हाक मारली नव्हती, हातही केला नव्हता. माझ्या कडेवरून गुंडी ओरडली, “बाबा!” रस्त्यावरच्या बऱ्याच बाबांनी वळून पाहिलं. त्यांतला आमचा किल्ली हातात धरून तिथेच उभा राहिला. त्याच्या जागेसाठी थांबलेली मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तरीही.

तर, वरच्या दर्जाच्या डिस्क विकत घ्याव्यात का? अवश्य घ्याव्यात. फरक दिसतो. आमच्याकडे अजूनही घेतात, फक्त आता सिनेमा पुढे जाऊ देतात, कारण सोफ्यावरून “मग?” असा प्रश्न येतो. (जहाज बुडत नाही. बरंच रेंगाळतं, पण बुडत नाही.)

खरेदीपूर्वी ग्राहकानं एक छोटी चाचणी मात्र द्यावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या घरात या क्षणी जे माणूस आहे, त्यानं आज काय घातलं आहे, हे मान वर न करता सांगावं.

(केलीत वर. असू द्या. नापास झालेल्यांना दुकानदार परत पाठवत नाही. त्याचं दुकान त्यांच्यावरच चालतं.)