ठराव क्रमांक एक : प्रशिक्षकास हटवणे

बोरीचापाड्याची ग्रामसभा माणसांअभावी तिसऱ्यांदा तहकूब झाली, तेव्हा ग्रामसेविका प्रमिलाबाईंना रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. ठराव एकच होता आणि तोही पाड्याच्याच भल्याचा. पाड्याखालच्या ओहोळावर साकव, म्हणजे छोटा पूल, हवा असं ग्रामसभेने म्हणायचं आणि तो कागद महिनाअखेरीच्या आत तालुक्याच्या कचेरीत पोचवायचा. तारीख चुकली तर निधी दुसऱ्या गावाला. सभेला निदान साठ माणूस लागायचं. पहिल्या वेळी नऊ जण आले, दुसऱ्या वेळी सात, आणि तिसऱ्या वेळी एकटे ढवळूबाबा, तेही मागच्या वेळी विसरलेली छत्री न्यायला.

साकव नको होता असं मुळीच नाही. मागच्या भादव्यात ढवळूबाबांच्या सुनेला, रामीला, कळा सुरू झाल्या, तेव्हा चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं होतं. नात जन्मली ती पलीकडच्या काठावर, मोखाड्याच्या जीपची वाट बघता बघता. पण साकव हवा हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना, तेच सांगायला सभेत जाऊन कशाला बसायचं, हे मात्र कुणाला कळत नव्हतं.

"बरं, येत्या रविवारी तरी येता का सगळे?" प्रमिलाबाईंनी ढवळूबाबांच्या बायकोला, रखमीला, विचारलं.

"रविवारी?" रखमी दचकलीच. "रविवारी तं मॅच हाय ना बाय!"

"क्रिकेटची?"

"क्रिकेट कोण बघतो? हाकी. आपल्या पोरींची."

पाड्यातल्या जिवाने भिवंडीहून टीव्ही आणि डिश आणल्यापासून पाड्याला हॉकीचं वेड लागलं होतं. त्यातही महिला संघाचं. त्या संघातल्या निम्म्या पोरी डोंगरातल्या, सावळ्या, काटक. "ही बघ, आपल्या रविनासारखी पळते," असं म्हणत बायकांनी एकेक खेळाडू वाटून घेतली होती. सध्या कुठल्याशा परदेशात मोठी स्पर्धा चालू होती आणि जिवाच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची.

प्रमिलाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "जिवादादा, तुमचा टीव्ही रविवारी समाजमंदिरात लावू. आधी मॅच, लगेच सभा."

ही कल्पना सुचली म्हणून त्या स्वतःवरच खूश झाल्या. माणूस खूश असला की पुढचं दिसत नाही, हे खरंच आहे.

रविवारी दुपारी समाजमंदिरात एकशे बेचाळीस माणूस जमलं. म्हातारे, लेकुरवाळ्या, दोन कुत्री. प्रमिलाबाईंनी मॅच सुरू व्हायच्या आतच हजेरीच्या वहीवर सह्या आणि अंगठे घेऊन टाकले.

सामना चुरशीचा झाला. तीन मिनिटं उरली तेव्हा आपल्या पोरी एका गोलने मागे होत्या. आणि त्याच वेळी प्रशिक्षकाने मैदानाबाहेरून हात हलवला. आपली गोलकीपर अंगावरच्या त्या जाडजूड गाद्यांसकट धावत सुटली आणि मैदानाबाहेर गेली.

"अरे, ती कुठं चालली?" ढवळूबाबांनी विचारलं.

"पाणी पियाला जात असंल," जिवा म्हणाला.

"आताच तहान लागली तिला?"

प्रमिलाबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. "अहो, तसं करतात. तिच्या जागी एक जास्तीची खेळाडू पुढे पाठवतात, गोल करायला."

"मग मागं कोण ऱ्हातो?"

"मागे कुणी नाही."

त्या एकशे बेचाळिसांमधला एकही असा नव्हता, ज्याने नागलीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसून डुकरं हाकलली नव्हती. पीक उभं असताना राखण सोडून सगळ्यांनीच नांगर धरायला जायचं, हे शास्त्र त्यांना कळेना. ते कळायच्या आतच समोरच्या संघाने लांबून चेंडू मारला आणि तो कुणाची परवानगी न घेता मोकळ्या गोलात जाऊन बसला.

पाडा हरला. म्हणजे देश हरला, पण तिथे त्या दिवशी फरक करता येत नव्हता.

"चला, आता सभा," प्रमिलाबाईंनी घाईघाईने टीव्ही बंद केला. "विषय पहिला, ओहोळावरचा साकव."

"थांब बाय," ढवळूबाबा उभे राहिले. "आधी त्या माणसाचा बघ."

"कुठल्या माणसाचं?"

"हात हलवला त्याचा. रान मोकळा टाकून राखणदाराला घरी पाठवतो, असा माणूस कामाला ठेवायचा का? ठराव लिव. त्याला काढा."

"अहो बाबा, तो आपल्या हातात नाही!"

"असा कसा नाय? तूच तं सांगतेस दर वेळी, ग्रामसभा सगळ्यांत मोठी. दारूचा दुकान नको म्हटला, बंद झाला. रेतीवाल्याला नको म्हटला, गेला. मग हा कोण लागून गेला?"

ग्रामसभेच्या अधिकारांवरचं भाषण गेल्या वर्षभर प्रमिलाबाईच करत होत्या. माणसं एवढी पेटली होती की साकवाचं नाव काढलं की "आधी तो!" असा गलका व्हायचा. पाऊण तासाने त्यांनी हात टेकले आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं :

"ठराव क्रमांक एक. विषय : राष्ट्रीय महिला हॉकी संघाच्या प्रशिक्षकास हटवणेबाबत. सदर इसमाने तीन मिनिटे शिल्लक असताना गोल राखणीविना मोकळा सोडला. सबब त्यास तात्काळ कामावरून कमी करावे, असे ही ग्रामसभा सर्वानुमते ठरवते. सूचक : ढवळू. अनुमोदक : रखमी."

ठराव क्रमांक दोन साकवाचा. तो दीड मिनिटात मंजूर झाला.

वहीच्या पानांवर आकडे छापलेले असतात. पान फाडलं तर नोकरी जाते. त्यामुळे मंगळवारी प्रमिलाबाई ओहोळातून साडी गुडघ्यापर्यंत वर धरून पलीकडे गेल्या, जीप धरली आणि दोन्ही ठरावांच्या प्रती घेऊन तालुक्याच्या कचेरीत कारकून ठोंबरे भाऊसाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्यांना आशा होती की भाऊसाहेब वाचणार नाहीत. ते कधीच वाचत नसत. त्या दिवशी नेमके वाचले.

"हे काय आहे?"

"ते सोडा भाऊसाहेब. दुसरा बघा, साकवाचा."

"सोडा कसं? एका सभेचे ठराव क्रमाने घ्यायचे असतात. एक निकाली निघाल्याशिवाय दोनला हात लावता येत नाही."

"मग एक निकाली काढा ना!"

"कसा काढू? हा इसम आपल्या हद्दीत राहतो का?"

"नाही."

"ग्रामपंचायतीचा कर्मचारी आहे?"

"नाही हो!"

"मग त्याला काढणार कोण?" भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांची नोकरीची सत्तावीस वर्षं झाली होती. कागद कुठे पाठवायचा हे कळलं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. "क्रीडा खात्याकडे म्हणावं तर कर्मचारी विषय, आस्थापनेकडे म्हणावं तर क्रीडा विषय. बाई, तुम्ही असं करा. पुन्हा सभा घ्या आणि ठराव एक रद्द करा. मग दोन मोकळा."

महिना संपायला नऊ दिवस होते. प्रमिलाबाईंनी पुढच्या रविवारी पुन्हा सभा लावली, पुन्हा टीव्ही मागवला. सामना त्याच स्पर्धेतला होता. आणि शेवटची तीन मिनिटं उरलेली असताना आपल्या पोरी पुन्हा एका गोलने मागे पडल्या, आणि त्या माणसाने पुन्हा हात हलवला.

"ह्याला अक्कल कधी येणार?" रखमी कपाळावर हात मारून ओरडली.

पण ह्या वेळी त्या जास्तीच्या पोरीने गोल केला. मग आणखी एक झाला. पाडा जिंकला. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, कुत्री भुंकली, आणि प्रमिलाबाईंना हायसं वाटलं. आता रद्द करायला कुणाची ना असणार?

"बघा, किती हुशार माणूस आहे तो," त्या म्हणाल्या. "मग तो ठराव रद्द करायचा ना?"

"कशाला?" ढवळूबाबा म्हणाले.

"अहो, त्यानं मॅच जिंकून दिली!"

"तेच तं. आपला ठराव झाला, त्याला कळला, तो सुधारला. आता रद्द केला तं पुन्हा पहिल्यासारखा वागंल."

"बाबा, त्यानं आजही तेच केलं. गोलकीपर बाहेर काढली."

"तेच केला, पण नीट केला. काळजी घेऊन केला. माणसाला कुणाचा तरी धाक पाहिजे, बाय."

सगळ्या सभेने माना डोलावल्या. शेवटी ठराव झाला तो असा : मागील ठराव कायम ठेवून सदर प्रशिक्षकाचे वर्तनातील सुधारणेबद्दल अभिनंदन करण्यात यावे.

भाऊसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे त्याला काढायचं की त्याचा सत्कार करायचा?"

"मला खरंच माहीत नाही भाऊसाहेब." प्रमिलाबाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "मला एवढंच कळतं, की परवा महिना संपतो. ह्या पावसाळ्यात तिथं अजून दोन बायकांचे दिवस भरत आलेत. त्यांना मी झोळीतून जाताना नाही बघू शकत."

ठोंबरे भाऊसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी खणातून सगळ्यांत मोठा शिक्का काढला, ठराव एकवर "योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय अग्रेषित" असं उमटवलं, साकवाचा प्रस्ताव त्याच्या मागे टाचला आणि दोन्ही एकाच पाकिटात घालून जिल्ह्याला पाठवून दिले. कुणाकडे अग्रेषित, ते लिहिलं नाही. बिनपत्त्याच्या कागदाला कुणी परत पाठवू शकत नाही, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं पुण्य होतं.

त्या दोघी बायका सुदैवाने उघडीप बघून आधीच खोडाळ्याला नातलगांकडे जाऊन राहिल्या. पाऊस सरला, भात झोडून झालं, पाड्यातली माणसं वीटभट्टीवर जायच्या तयारीला लागली. आणि एका सकाळी प्रमिलाबाई साकवाच्या मंजुरीचं पत्र हातात नाचवत ओहोळ ओलांडून धावत आल्या.

समाजमंदिरासमोर पाडा आधीच गोळा झालेला होता. दवंडी नाही, टीव्ही नाही, तरी दोनशेच्या वर माणूस. पण सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"कोण गेलं?" प्रमिलाबाईंनी घाबरून विचारलं.

"तो गेला," जिवा म्हणाला. "कामावरून. काल बातम्यांत सांगतला. हाकीवाल्याला काढला."

"अगं बाई. पण आपला साकव मंजूर झाला!"

"कळलाच होता," ढवळूबाबा खाली बघत म्हणाले. "त्याचा झाला म्हणजे आपला पन होणारच."

प्रमिलाबाईंना क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा त्या हसल्याच. "अहो बाबा, तुमच्या कागदामुळे नाही काढलं त्याला! संघ पुढे हरला, म्हणून काढलं. तुमचा ठराव जिल्ह्याच्या पलीकडे गेलासुद्धा नसेल."

"दोनी कागद एकाच पाकिटात गेले ना?"

"हो."

"मग साकवाचा पोचला आन् त्याचा नाय पोचला, असा कसा?"

प्रमिलाबाईंच्या अठरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मला भट्टीवरून मुकादमाने काढला होता एकदा," ढवळूबाबा म्हणाले. "आर्धा सीझन झालेला. पोरां बारकी. काय चुकला ते पन नाय सांगला. रातभर विटांवर बसलो आमी." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "आन् मी तसाच केला. दोन-चार वेळा चुकला असंल माणूस. त्याच्या घरी काल काय शिजला असंल?"

रखमी पदराने डोळे टिपत होती. एवढी दोनशे माणसं, पण कुणी कुणाकडे बघेना.

"बाय, वही काढ," ढवळूबाबा म्हणाले. "ठराव लिव. साकवाचा काम निघतोच हाय. रोजगार हमीत त्याचा नाव घाल. शंभर दिवस तरी बसंल नाय तो."

"पण तो आपल्या गावचा नाही—"

"आपणच काढला, मग आपणच नको का काम द्यायला?"

प्रमिलाबाईंनी मंजुरीचं पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं. कायदा सांगायला गेलं तर संध्याकाळ झाली असती. शिवाय, खरं सांगायचं तर, त्यांनाही थोडं वाईट वाटायला लागलं होतं. त्यांनी वही उघडली. नाव लिहिलं, गावाची जागा मोकळी सोडली आणि पुढच्या रकान्याशी थांबल्या.

"इथे विचारलंय, कुशल की अकुशल?"

"कुशल लिव," ढवळूबाबा म्हणाले. "एवढी मॅच जिंकून दिली त्याने."

"कुशल?" रखमीने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "गोल मोकळा टाकून राखणदाराला घरी पाठवतो, तो कुशल?"

"अगं, पन दुसऱ्या वेळी—"

"दुसऱ्या वेळी त्या पोरीने गोल केला! तो नुसता हात हलवत होता!"

"बरोबर हाय!" मागून जिवा ओरडला. बायका रखमीच्या बाजूने झाल्या, म्हातारे ढवळूबाबांच्या, आणि जिवा दोन्हीकडून बोलू लागला. दुपार कलली तरी कुणी ऐकेना.

शेवटी दिवे लागायच्या सुमाराला प्रमिलाबाईंनी सर्वानुमते 'अर्धकुशल' असं लिहिलं आणि सह्या घेतल्या.