नानांचा बाक

पाहुणा आला की लोक त्याला देऊळ दाखवतात, बाजार दाखवतात. आमचे नाना बाविस्कर बाक दाखवत. पाहुणा म्हणजे कोण, तर ई.बी.सी.च्या फी-माफीच्या फॉर्मवर सही करायला आलेला एखाद्या विद्यार्थ्याचा बाप.

मी तेव्हा जळगावच्या त्या कॉलेजात नवाच क्लार्क म्हणून लागलो होतो. नाना शेजारच्या टेबलावर. घरून सही करून आणलेला फॉर्म चालतो, असा सरळ नियम होता. तो नानांना मंजूर नव्हता. "सही माझ्यासमोर. हात दिसला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. मग बिचारे बाप दिवसाची मजुरी बुडवून पॅसेंजरने यायचे. नाना त्यांना पदरचा चहा पाजायचे, सही घ्यायचे आणि वर्गात नेऊन मुलगा बसतो त्याच बाकावर बसवायचे, तास चालू असला तरी. एकदा इंग्रजीच्या हजेरीला असाच एक बाप मुलाचं नाव ऐकून "हाजिर" म्हणाला. आम्ही आठवडाभर हसलो. नाना हसले नाहीत.

फॉर्मची मुदत संपायला एक दिवस होता तेव्हा नरडाण्याची सुनंदा आली. पालक म्हणून मामाची सही. बाप रेल्वेत गँगमन, पगार मर्यादेच्या जरासा वर. मामा कोरडवाहू शेतकरी, म्हणून कागदावर ती मामाकडे. असे फॉर्म दर वर्षी यायचे आणि सगळे डोळेझाक करायचे. नानांनी तो परत केला. "बापाला घेऊन ये."

मला रागच आला. ऑफिसातली कुजबुज मीही ऐकली होती. "नाना, पोरीचं वर्ष जाईल. तुमच्या मुलाचा, दिलीपचा फॉर्म कोणी भरला होता?"

"मीच. माझ्याच अक्षरात," नाना म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाचा बाप आला. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, मन्हा पगार आडवा येस. मामानं नाव ऱ्हाऊ द्या."

"बसा भाऊ," नाना म्हणाले. "माफी जाऊ द्या, फी हप्त्याने भरा. प्राचार्यांशी मी बोलतो, पहिला हप्ता माझा. पण कॉलेजच्या दप्तरात पालक म्हणून नाव तुमचंच घाला. मी मुलाला असाच धुळ्याला मेहुण्याच्या नावावर कॉलेजात घातला. कोणी विचारलं तर मामाच बाप म्हणायचं, हे मीच शिकवलं. बक्षीस समारंभाचा पास मामाच्या नावाने निघाला. मी गेटवर सांगितलं, मी बाप आहे. शिपाई म्हणाला, यादीत नाव नाही. दिलीप आतून बघत होता. माफी रद्द होईल म्हणून बोलला नाही. आता नाशिकला नोकरीला आहे. दिवाळीला अजून धुळ्यालाच मामाकडे उतरतो. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच."

आदल्या दिवशीचं माझं बोलणं मलाच लागलं.

बापाने फॉर्मवरचं मामाचं नाव खोडलं आणि सावकाश आपलं लिहिलं. मग नाना त्याला वर्गात घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. वर्ग रिकामा होता. खिडकीजवळच्या बाकावर बसून त्याने लाकडावरून हात फिरवला. "आठेच बसस का मन्ही पोर?"

"आठेच. याच बाकावर," नाना म्हणाले.

ते दारातच उभे होते. मी हळूच विचारलं, "नाना, दिलीप कुठल्या बाकावर बसायचा?"

"माहीत नाही रे," ते म्हणाले. "मामाला विचारावं लागेल."