अठ्ठावीसच्या उजवीकडे

दोन ठिकाणांमधलं अंतर इकडून मोजा की तिकडून, तेवढंच भरतं. तळेगावहून लोणावळा जेवढं लांब, तेवढंच लोणावळ्याहून तळेगाव. हे सत्य गणिताला फार पूर्वी कळलं होतं. विवाहक्षेत्राला ते कळवण्यासाठी मात्र सुदुंबऱ्याच्या हौशीराम सरांना जन्म घ्यावा लागला.

सर तळेगावच्या एका शाळेत बीजगणित शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला समाज मोकळा सोडत नाही, त्यामुळे पंचक्रोशीतल्या वधू-वर परिचय मंडळाने त्यांना लगेच चिटणीस करून टाकलं. मंडळाचं कार्य थोर होतं. दरवर्षी मंगल कार्यालयात मेळावा, व्यासपीठावर उपवर मुलंमुली आणि मागच्या अंगणात मसालेभात. (मसालेभाताबद्दल आजवर एकही तक्रार नाही. सगळ्या तक्रारी व्यासपीठाबद्दलच्या आहेत.)

मंडळाची वयाची अट तेव्हा अशी होती: 'मुलगी मुलापेक्षा लहान असावी, पण शोभेल इतपत.' शोभेल इतपत म्हणजे किती, यावरून दरवर्षी दोन-चार सोयरिकी मोडत आणि एखादी खुर्चीही. असली ढिली भाषा सरांना सहन होईना. शिवाय त्या वर्षी समानतेची चलती होती आणि पुण्याहून प्रमुख पाहुण्या येणार होत्या. सरांनी फळा मागवला, मुलाचं वय उदाहरणादाखल अठ्ठावीस धरलं, मुलीचं क्ष धरलं आणि नवी अट लिहिली:

|क्ष − २८| ≤ ४

"सर, ह्या दोन उभ्या काठ्या कशापायी?" अध्यक्ष रखमाजी आबांनी विचारलं.

"हे केवल मूल्य, आबा. काठ्यांच्या आत कुणी थोरलं नाही, कुणी धाकटं नाही. फक्त अंतर बघायचं. म्हणजे मुलगी चोवीसपासून बत्तीसपर्यंत कितीचीही चालेल."

"बत्तीस?"

"दोन्ही बाजू सोडवाव्या लागतात, आबा. एकच सोडवली तर मी निम्मे गुण कापायचो."

या वयात गुण कापून घ्यायची आबांना हौस नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. पाहुण्या बाईंनी मंडळाला 'काळाच्या पुढे' म्हटलं, वर्तमानपत्रात फोटो आला आणि मावळात स्त्री-पुरुष समानता अधिकृतरीत्या लागू झाली.

पुढच्या पाच वर्षांत मंडळाने एकशे बारा लग्नं जुळवली. सगळीच्या सगळी अटीत बसली. त्यांतल्या एकशे अकरा मुली संख्यारेषेवर नवऱ्याच्या डावीकडच्या, म्हणजे लहान. एक बरोबर नवऱ्याच्याच जागेवर होती. (तिच्या आईने नंतर जन्मवेळ काढून ती पाच तासांनी लहान असल्याचं सिद्ध केलं, तेव्हा कुठे हळद लागली.) उजवीकडचा भाग मोकळा राहिला. अहवालात त्याचं कारण 'तिकडून मागणी नाही' असं दिलेलं आहे. नव्या सोसायट्यांच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो, तसा तो भाग होता. असल्याचा अभिमान सगळ्यांना, उतरायचं कुणी नाही.

आणि मग सरांचाच मुलगा उतरला.

आदिनाथ लोणावळ्याच्या एका हॉटेलात नोकरीला होता. कोमल राहायला लोणावळ्याची, कामाला तळेगावच्या कारखान्यात. तयार झालेले सुटे भाग मापात आहेत का ते तपासायचं तिचं काम. दोघांची ओळख कामशेतला एका मित्राच्या लग्नात झाली. तो अठ्ठावीसचा, ती तीसची.

कोमल घरी आली तेव्हा सरांनी सवयीप्रमाणे बीजगणितातल्या असमानतेचा विषय काढला. त्या घरात हा विषय निघाला की लोकांना एकदम कामं आठवत. कोमल शेवटपर्यंत ऐकत बसली, वर म्हणाली, "सर, आमच्याकडे तर दिवसभर हेच चालतं. माप ठरलेलं, त्याच्या जरा इकडे-तिकडे चालतं." सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून तिला दुसऱ्यांदा पोहे वाढले. ही पोरगी आपल्या घरात यावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

ती गेल्यावर त्यांच्या पत्नीने, सविताबाईंनी, आवाज खाली आणून विचारलं, "पोरगी गुणाची आहे हो. पण तीस! गावाला काय सांगायचं?"

सरांनी गणित करून पाहिलं. तीस वजा अठ्ठावीस, दोन. दोन हे चारपेक्षा लहान. पुन्हा केलं, पुन्हा बसलं. हयातीत पहिल्यांदाच उत्तर बरोबर आल्याचा त्यांना राग आला.

मंडळाची तातडीची सभा भरली. उजवी बाजू दुरुस्तीसाठी तात्पुरती बंद ठेवावी, अशी एक सूचना आली. मुलीचं वय कमी सांगावं अशी दुसरी, अनुभवी लोकांची सूचना होती. पण कोमलने गावात शिरता शिरताच तीन बायकांना आपलं खरं वय सांगून ठेवलं होतं. (शिकलेल्या मुलींचा हा एक दोष आहे.) शेवटी सरांनीच मार्ग काढला. आदिनाथला बत्तीसचा करायचा. बत्तीस आणि तीस, फरक पुन्हा दोनच. केवल मूल्याला धक्का लागत नाही, नुसतं चिन्ह बदलतं.

"म्हंजी पोरगा चार वर्सं थोरला करायचा?" आबा म्हणाले.

"फक्त बोलण्यात."

"मंग हरकत न्हाई. पोराचं वय वाढलं म्हनून कुनाचं नाक कापलं जात न्हाई."

आदिनाथ पंधरा मिनिटांत तयार झाला. संध्याकाळपर्यंत गावभर वय पोचलं. आठवड्याभरात लोक त्याला थांबवून 'नोकरीपायी राहून गेलं व्हय तुझं?' असं हळहळून विचारू लागले आणि तोही मान हलवू लागला.

रविवारी कोमल आली. ओसरीवर सर, सविताबाई आणि आदिनाथ बसले होते. तिला योजना समजावून सांगण्यात आली. फळ्यावर आकृती होती.

"तुला चालेल बत्तीसचं व्हायला?" तिने आदिनाथला विचारलं.

"नावापुरतंच गं. सगळ्यांचं मन राहतं."

"माझं सोडून." मग ती सरांकडे वळली. "सर, तुकडा मापात असला की आम्ही पास करतो. तो कुठल्या बाजूने मापात आहे ते आवडलं नाही, म्हणून कुणी पट्टी बदलत नाही. मी बसते की नाही तुमच्या अटीत? एवढंच सांगा."

बसत होती. सरांना ते तिच्याआधीपासून माहीत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण समोरच्या घराच्या दारात दोन बायका गहू निवडत होत्या आणि त्यांचे हात केव्हाचे थांबले होते.

"चहा टाकायला सांगू का?" सर म्हणाले.

कोमलने चपला घातल्या आणि ती नमस्कार करून गेली. आदिनाथ फाटकापर्यंत गेला. पुढे रस्ता होता आणि रस्त्यावर लोक होते.

यथावकाश मंडळाने सरांचा सत्कार केला. समानतेची अट अजून जशीच्या तशी आहे. आदिनाथसाठी स्थळं बघणं चालू आहे, पण ते जड जातंय. एकदा जाहीर केलेलं वय मागे घेणं बरं दिसत नाही आणि बत्तीसचा मुलगा म्हटल्यावर मुली आता नाकं मुरडतात. सर हल्ली असमानतेचा विषय काढत नाहीत. घरात ऐकणारंही कुणी नाही, आणि ते त्यांना फार लागतं.

दोनच वर्षांची तर गोष्ट होती, पोरीनेच जरा सांभाळून घ्यायला हवं होतं, असं आता तुमच्या मनात येऊन गेलं असेल. आलं नसेल तर उत्तमच. मंडळाच्या सभेत, असं कुणाला वाटतं म्हणून हात वर करायला सांगितले, तेव्हा तिथेही तसं कुणाच्याच मनात आलेलं नव्हतं.