रऊफभाईंची हजेरी

रऊफभाई कॉम्प्युटरांची हजेरी घ्यायचे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी अल्बम जुळवायचो. गेलेली लाइन आली की ते टेबलांपुढे हेडमास्तरासारखे उभे राहून गरजत, "झेड हाये का?"

झेड म्हणजे सामाईक फोल्डर. सगळे फोटो कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. टेबलांवरच्या मशिनींनी तिथून ओढायचे. पण ते धूड म्हशीसारखं सावकाश उठायचं. मशिनी आधीच जाग्या होऊन फोल्डर शोधायच्या आणि सापडला नाही की झेडवर लाल फुली मारून मोकळ्या! मग भाई एकेक झेड हाताने जोडत. भारनियमनाच्या त्या वर्षांत जोडून जोडून त्यांची बोटं इतकी झिजली, की अंगठा उठवला तरी कागद कोराच राहायचा.

शेवटी त्यांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. मशीन सुरू झाली की फोल्डर सापडेपर्यंत ती आपोआप शोधत राहणार.

"दार उघडलं नाही म्हून पाहुणा परत जाते का, वानखडे? थांबते. पुन्हा ठोकते."

परीक्षा झाली मूर्तिजापूरच्या सामूहिक लग्नात. पिकं बुडालेली, घरोघरचे मांडव बंद. एकाच मांडवात इतक्या नवऱ्या, की अंतरपाट धरायला माणसं अमरावतीहून मागवली म्हणे! भाईंनी शब्द दिलेला: प्रत्येक जोडी फोटो घेऊनच गाडीत बसेल. शेजारच्या शाळेत आम्ही मशिनी मांडल्या. अर्धे फोटो छापून झाले अन् जनरेटरने मान टाकली.

तो पुन्हा धडधडला, तेव्हा सगळ्या पडद्यांवर लाल फुली. बाहेर वऱ्हाडाचे ट्रक हॉर्न वाजवून राहिलेले. मी माऊसवर झेपावलो.

"हात नोको लावू बे!" भाईंनी स्वतःचेही हात पाठीमागे बांधले. "ठोकू दे त्याले."

"भाई, ट्रक निघाले!"

"ट्रकापुढं मी आडवा पडतो. पण हात नोको लावू!"

पहिली फुली गेली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"झेड हाजिर!" भाई असे ओरडले, की नवी वरात आली समजून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. प्रिंटर सुटला तो सुटलाच. एकही जोडी रिकाम्या हाताने जाणार नव्हती.

मी म्हटलं, "उरलेले उद्या पाठवले असते, तर आभाळ कोसळलं असतं का?"

भाई शेवटचा फोटो शर्टाच्या टोकाने पुसत होते.

"आमच्या निकाहचा फोटूवालाबी 'उद्या देतो' म्हने. नजमा वाट पाहता पाहता गेली. आता तिचा चेहरा मलेच नीट आठवत नाही."

ते धावत बाहेर गेले. ट्रकातून नवरीने हात पुढे केला होता.

"पोरी, आधी पाहून घे," तिच्या हाती फोटो देत ते म्हणाले. "डोये उघडे हायेत ना?"