उजेड न्हाई, उद्या येऊ

नवरा-नवरी हातात हार घेऊन उभे, गुरुजी घड्याळाकडे बघताहेत आणि फोटोग्राफर आभाळाकडे! आमच्या अहमदपूरच्या सोपानमामांनी असं लग्न अडवलेलं मी स्वतः पाहिलंय. "थांबा की जरा, ढग सरकून राहिलाय," म्हणत त्यांनी अख्खा मांडव ताटकळत ठेवला.

मामांचा स्टुडिओ माझ्या घराला लागून. आत चांगले दिवे आहेत, पण मामांचा जीव बाहेरच्या उन्हात. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही ते आधी दारात नेणार, वर बघणार आणि खुशाल परत पाठवणार. "उजेड न्हाई. उद्या या." तो चिडला तर वर ऐकवणार, "आभाळ काय माझ्या घरचं हाय का?"

ही खोड जुनीच. मामी होत्या तेव्हा चहा देता देता सांगायच्या, "माझा स्थळांना दाखवायचा फोटो काढायला हे चाकूरकडं आमच्या गावी आले. मला माळावर लिंबाखाली उभं केलं अन् म्हणले, उजेड न्हाई, उद्या येऊ. रोज यायचे, चहा प्यायचे, जायचे. शेवटी माझे वडील वैतागले. म्हणले, फोटो राहू द्या, पोरगीच घेऊन जा!" मामा लाजून लेन्स पुसत बसायचे. तो फोटो मात्र राहिला तो राहिलाच.

मामी गेल्या आणि मामांनी त्याच माळाचा ध्यास घेतला. मनासारख्या उजेडात तिथला एक फोटो काढायचा, बस्स. परवा माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं गेलो. मामांनी ट्रायपॉड लावला. ढगांच्या सावल्या सोयाबीनवरून सावकाश चालल्या होत्या. हिरवं काळं व्हायचं, काळं पुन्हा पिवळं. बघता बघता मलाही गुंगी आल्यासारखं झालं. मग ढग फाटला आणि तिरपं ऊन नेमकं लिंबाखालच्या मोकळ्या जागेत येऊन उभं राहिलं.

"मामा, दाबा बटण!" मी ओरडलो.

मामांचं बोट बटणावरच होतं. ते नुसते बघत राहिले, पुन्हा सावली येईपर्यंत. मग त्यांनी लेन्सला टोपण लावलं. मला असा राग आला की काय सांगू! पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी मुकाट ट्रायपॉड आवरायला घेतला.

"उजेड न्हाई," मामा हळूच म्हणाले.

"हाव मामा," मी स्कूटर वळवली, "उद्या येऊ."