जमादार, दोन पंच आणि लंडनचा फौजदार

आमचे शेजारी म्हात्रे जमादार पंचांशिवाय टीव्ही लावत नाहीत.

म्हणजे रिमोट हातात असतो, लाइट असते, चष्मा नाकावर असतो. पण समोर दोन प्रतिष्ठित इसम बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सगळी नोकरी पोलिसांत गेली. झडती घ्यायची तर दोन पंच हवेत, नाहीतर कोर्टात वकील केस उडवतो, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की रिटायर होऊनही निघत नाही. गॅसचा सिलिंडर आला की सील बघायला मला हाक. दूध नासलं तरी मला हाक. एकदा भल्या सकाळी बेल वाजवून म्हणाले, "बाई, जरा येता का? पाल मेलीय." मी हातातली कणीक तशीच ठेवून गेले. पाल मेली होती. "बघितलीत ना? झालं तर," म्हणाले आणि त्यांनी केरसुणी उचलली.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मी प्रतिष्ठित. दुसरे पंच तळमजल्यावरचे काझीचाचा. निम्मं आयुष्य कुवेतला काढून ते पनवेलला परतले, ते अत्तराच्या बाटल्या, दोन जाडजूड ब्लँकेटं आणि इंग्रजी मालिकांच्या डीव्हीडींची एक पिशवी घेऊन. त्या पिशवीतूनच हे सगळं प्रकरण निघालं.

मालिका लंडनच्या पोलिसांची. आजच्या काळातला एक इन्स्पेक्टर आपल्या ठाण्याच्या लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो, आणि दार उघडतं तेव्हा पस्तीसेक वर्षं मागे गेलेला असतो. ठाणं तेच, पण टेबलांवर टाइपरायटर, खोलीभर सिगारेटचा धूर, आणि सगळे 'हा कोण बुवा' अशा नजरेनं बघतायत. तो बिचारा खिशात मोबाइल शोधतोय. एवढं मला नीट कळलं. त्यापुढचं आजतागायत कळलेलं नाही.

मला इंग्रजी येतं हा आमच्या बिल्डिंगमधला एक जुना गैरसमज आहे. येतं, पण आमच्या वर्गातल्या पुस्तकासारखं बोललं तर. ही माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि वर सिगारेट धरतात. भाषांतराचं काम माझ्याकडे होतं. जिथे अडायचं तिथे मी सरळ "चहा मागतोय" म्हणून सांगायचे. निम्म्या वेळा तो खरंच चहा मागत असायचा, त्यामुळे माझी अब्रू राहिली.

तरी मूळ प्रश्न राहायचाच. हा इन्स्पेक्टर खरंच मागे गेलाय, की वेडा झालाय, की मेलाय? दर रविवारी दुपारी आमचा यावर वाद.

"ख्वाब आहे सगळं," काझीचाचा म्हणायचे. "यकीन ठेवा बाई, शेवटी पलंगावर उठून बसणार आणि पाणी मागणार."

"डोक्यावर परिणाम झालाय," मी म्हणायचे.

जमादार आम्हा दोघांकडे दयेने बघायचे. "काय शिकलेली माणसं तुमी. सरळ हाय ना. त्याची बदली झालीय."

"कसली बदली?"

"आवो, ऑर्डर आली. आमची बदली गावाला होते, याची मागच्या सालात झाली. मला अलिबागवरनं उचलून एकदम डोंगरात टाकला तेव्हा मी पण असाच भिरभिरलो होतो. कुणी वळखत नाय, खुर्ची नाय, फोन लागत नाय. काय करायचं? हजर व्हायचं नि कामाला लागायचं."

आणि गंमत अशी, की ही एवढी एक गोष्ट धरली तर मालिका बऱ्यापैकी समजायला लागली. जमादार तिच्या अक्षरशः प्रेमात पडले. त्या जुन्या काळातले साहेब दार लाथेने उघडायचे तेव्हा हे इकडून ओरडायचे, "आधी पंच बोलव रे." हातमोजे न घालता कुणी सुरी उचलली की कपाळाला हात लावायचे. वायरवाला काळा फोन वाजला की खुर्चीत ताठ बसायचे. ठाण्यातल्या अंधाऱ्या कोठडीकडे बघून एकदा म्हणाले, "असाच वास येतो तिथं." आम्हाला काही वास आला नाही, पण मान हलवली.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा पारा चढायचा. तो इन्स्पेक्टर कधीतरी वैतागून सांगायचा, की मी इथला नाही, माझ्या काळात असं असं असतं. आणि बाकीचे खो खो हसायचे. लगेच जमादार टीव्ही थांबवायचे. "हसता काय? त्याला खोटा पाडून तुमाला काय मिळनार? माणूस घाबरलाय, दिसत नाय?" हे टीव्हीतल्या लोकांना. आम्ही दोघं वेफर्स खायचो.

या वाक्याला मी जरा दचकायचे, कारण मला दुसरी एक गोष्ट ठाऊक होती. जमादारांची बायको, हिरावहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर जमादार मधूनच गायब व्हायला लागले. एकदा एका रिक्षावाल्याने त्यांना उलव्याहून आणून सोडलं. म्हणाला, बाबा नुसते रस्त्यात उभे होते. उलव्याला त्यांचं जुनं घर होतं. ते विमानतळाच्या जागेत गेलं, तेव्हा दोघं इथे फ्लॅटमध्ये राहायला आले. नंतर पुन्हा एकदा तेच झालं. मग त्यांची मुलगी सुनंदा नाशिकहून आली, त्यांच्यादेखत मला म्हणाली, "काकू, बाबांच्या आता लक्षात राहत नाही. आणखी एकदा जरी असं झालं तर मी त्यांना घेऊन जाणार आणि ही जागा विकणार." पोरीचं काही चुकत नव्हतं. एकट्या बापाची काळजी तिने तिकडे बसून किती करायची?

ती गेल्यावर जमादार मला म्हणाले, "नाशकाला माझं काय हाय? थंडी आणि द्राक्षं." पण चेहरा उतरला होता.

अशात मालिकेत तो भाग आला. इन्स्पेक्टर चालत चालत स्वतःच्या लहानपणीच्या गल्लीत जातो. त्याच्या काळात तिथे मोटारी लावायचं मैदान झालेलं असतं. इथे मात्र घर उभं आहे, खिडकीत पडदा आहे, आत कुणीतरी भांडी घासतंय. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहतो, आणि आत न जाता परत फिरतो. बस, एवढंच. मला भाषांतर करायलाही काही नव्हतं. जमादारांनी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. मग टीव्ही बंद करून म्हणाले, "आज एवढंच." काझीचाचांनी चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी बघते तर जमादारांच्या दाराला कुलूप. फोन आतच वाजतोय. आणि माझ्या मोबाइलवर सुनंदा, एकदा, दोनदा. मी उचलला नाही. उचलून काय सांगणार होते? काझीचाचांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. उलव्याला जायचं हे न बोलता ठरलं होतं, असं मला वाटलं, पण वाटेत चाचांनी मान वळवून विचारलं, "बाई, आपण नक्की कुठे चाललोय?"

उलव्यात काही ओळखू येईल तर शपथ. जिकडे तिकडे क्रेन, अर्धवट इमारती, डंपर आणि धूळ. डोंगर निम्मा कापलेला. भूगोलाची बाई असून मला पूर्व कुठली ते कळेना. विमानतळाभोवतीच्या पत्र्याच्या लांबच लांब कुंपणाच्या कडेकडेने जाताना एका वळणावर जमादार दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात ओल्या बोंबलांची पिशवी. पिशवीतून पाणी गळत होतं.

"जमादार, इथे काय करताय?"

"घरी चाललोय," ते शांतपणे म्हणाले. "उशीर झाला. हिरा वाट बघत असंल."

चुकलेलं दुरुस्त करायचं ही माझी आयुष्यभराची सवय. पण इथे खरं सांगू की त्यांच्याबरोबर चालू लागू, काही सुचेना. काझीचाचा हळूच म्हणाले, "बोंबील ताजे दिसतायत."

जमादारांनी आमच्याकडे नीट बघितलं आणि हसले. "घाबरलात काय? मी येडा नाय झालो बाई. हिरा गेली, मला ठाऊक हाय. अग्नी मीच दिला ना." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण या वळणावर आलो ना, की कधी कधी एक मिनिट ते आठवत नाय. हातात म्हावरं हाय, ती उशिरावरनं बोलनार हाय, एवढंच डोक्यात. रोज नाय होत. आज झालं. मग हा पत्रा दिसतो." त्यांनी पत्र्यावर हात ठेवला. "त्या एका मिनिटासाठी येतो मी. सुनंदाला कसं सांगू? आणि नाशकाला हे वळण नाय."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी मी उचलला.

"काकू, बाबा फोन घेत नाहीत," सुनंदा म्हणाली. "पुन्हा गेले ना ते? हरवले ना?"

समोर जमादार पत्र्यापलीकडे बोट दाखवून काझीचाचांना सांगत होते, की चूल तिथे होती आणि माजघर तिथे. चाचा टाचा उंच करून बघत होते आणि दार कुठल्या बाजूला होतं ते विचारत होते.

"नाही गं," मी म्हटलं, "आम्ही तिघं आलोय उलव्याला. मीच मागे लागले, तुमचं घर दाखवा म्हणून. अजून माझं नीट बघून झालेलं नाही, पुढच्या रविवारी परत यावं लागणार."