पाच घोड्यांचा पाळणा

चन्नवीर आण्णांनी नातवाच्या पाळण्याला मोटर बसवायचं ठरवलं, त्याला कारण त्यांच्या बायकोचं, रत्नव्वाचं मनगट. नंदिनी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचं पोरगं पाळणा थांबला की गल्ली जागी करायचं. दोरी ओढून ओढून आजीचं मनगट सुजलं. ते कुरुंदवाडला नंदिनीच्या सासरी कळलं आणि तिकडून व्याह्यांचा निरोप आला, "तुमच्यात पाळणा हलवायला माणूस न्हाय. बारसं झालं की मायलेकरास्नी आमी घेऊन जातो."

आण्णांना नातू दिवाळीपर्यंत हवा होता. निरोप त्यांना फार झोंबला.

उद्यमनगरात घराला लागूनच त्यांचं लेथचं शेड होतं, त्यामुळं कारखान्याची थ्री फेज वीज हाताशी होती. त्यात एका कंपनीनं वापरून बघायला एक नवी पेटी पाठवली होती. तिला ड्राइव्ह म्हणत. तिला दोन खटके होते; एकानं मोटरीचा वेग कमीजास्त करता यायचा, दुसऱ्यानं तिचा जोर. सत्त्याऐंशी सालात असलं यंत्र त्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

"पोराचं वजन किती?" गुंडू मिस्त्रीनं विचारलं.

"आठ पौंड."

"मग अर्ध्या घोड्याची, म्हंजी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लै झाली."

"अर्धा घोडा?" आण्णा कडाडले. "पावणं कुरुंदवाडभर सांगत फिरतील की, आजानं नातवाला अर्धा घोडा लावला म्हणून!"

"आण्णा, मोटर वजन बघून लावायची असती, मानपान बघून न्हाय."

"आणि पोरगं वाढणार न्हाय व्हय? शाळेचा सदरा आपण मापाचा शिवतो का? एक नंबर मोठाच शिवतो की! ड्राइव्ह पाच घोड्यांचा हाय, मोटरबी पाच घोड्यांची लाव. जोडा शोभला पायजे."

गुंडूनं जास्त ताणलं नाही. नवी पेटी चालवून बघायची त्यालाही हौस होती. त्यानं भंगारातली एक गिअरपेटी मोटरीला जोडली आणि तिच्या चाकाला लोखंडी दांडा बांधून तो पाळण्याला अडकवला. बारशाच्या सकाळी चाचणी ठरली. पाळण्यात आठ पौंडाचा लाल भोपळा ठेवला. वारा किती लागतो ते कळावं म्हणून गुंडूनं भोपळ्याला बाळाची कुंचीही घातली.

गिअरपेटीतलं ग्रीस दगडासारखं झालेलं. मोटर नुसती घुंऽऽ करत राहिली, जागची हलेना. गुंडूनं जोराचा खटका वाढवला. तेवढ्यात आण्णांना दम निघेना म्हणून त्यांनी वेगाचाही वाढवला. पाळण्यानं एक आचका दिला आणि कुंची घातलेला भोपळा दाराकडं उडाला.

दारात व्याही सिद्धलिंगप्पा नुकतेच चप्पल काढत होते.

"अयाया, माझं पोरगं!" म्हणत त्यांनी सूर मारला, भोपळा छातीशी कवटाळला आणि उंबऱ्यावर आडवे झाले. मग त्यांनी हळूच कुंची वर केली. आत भोपळा बघून ते उठून बसले.

"पावणं," आण्णा म्हणाले, "लागलं न्हाय न्हवं?"

"कुणाला? मला का ह्याला?"

"मी माझं पोर त्यात ठेवणार न्हाय," आतून नंदिनी ओरडली. "भोपळ्यालाच झुलवा!"

त्यामुळं बारसं शेजारून मागून आणलेल्या पाळण्यात झालं. नाव ठेवून झालं आणि पोरानं भोकाड पसरलं. रत्नव्वाचं मनगट चालेना. सिद्धलिंगप्पांनी घड्याळ बघितलं. "बॅगा भरा, पोरी. दुपारची एसटी हाय."

आण्णांचा चेहरा उतरला. "पावणं, मोटर तरी बघून जावा. वस्तू चांगली हाय." त्यांनी दांडा सोडवला आणि मोटर नुसतीच हळू सुरू केली. घुंऽऽ असा आवाज घरभर भरला. पोरानं एक उचकी दिली आणि ते आजीच्या मांडीवर झोपून गेलं.

मोटर बंद केली की पोर रडायचं, चालू केली की झोपायचं. सगळ्यांनी वेगाचा खटका आपापल्या हातानं फिरवून बघितला. मग जळका वास सुटला.

"तापली," गुंडू हात झटकत म्हणाला. "तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर हाय. ती हळू फिरली की पंखाबी हळू. वारा कुठला लागणार? त्यात जोराचा खटका मी कमी करायचा इसरलो." त्यानं तो खटका जरा उतरवला. मोटर थोडी निवली, पण हात ठेवण्यासारखी झाली नाही.

आण्णांनी सूप उचललं आणि मोटरीला वारा घालायला बसले.

सिद्धलिंगप्पांनी झोपलेलं पोर बघितलं, मग घामाघूम व्याही बघितले आणि टोपी डोक्यावर ठेवली. "आमच्यात थ्री फेज न्हाय, आण्णा. ऱ्हाऊ दे दोघं इथंच. दिवाळीपर्यंत काय, पुढंबी ऱ्हाऊ दे."

"मी हाय की वारा घालायला!" आण्णा खुशीत म्हणाले.

आठवड्यानंतर आण्णा एसटीनं कुरुंदवाडला पोचले. डोळे लाल, दोन्ही खांदे आखडलेले. शांतव्वा विहिणबाईंनी पुढं केलेला चहाचा कप त्यांना सरळ धरवेना.

"पावणं," ते म्हणाले, "लेकरानं आपल्या घरी वाढावं. घेऊन जावा."

"मन लै होतंय हो," सिद्धलिंगप्पांनी सुस्कारा सोडला. "पर थ्री फेज न्हाय."

तोच परसातून घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. आण्णांचे कान उभे राहिले. "हे काय?"

"शेजाऱ्याचं कायतरी."

पाठोपाठ एक बाई कमरेवर डबा घेऊन दारात आली. "सिद्धलिंगप्पा, तुमच्या नव्या गिरणीत माझी ज्वारी झाली का वं दळून?"

शांतव्वा पदरात तोंड लपवून आत गेली.

"किती घोड्यांची?" आण्णांनी विचारलं.

"दहा," सिद्धलिंगप्पा पुटपुटले. "पर तिला वारा कोण घालणार, आण्णा?"

"गिरण पुऱ्या वेगानं फिरती. तिचा पंखा तिला पुरतोय. उद्या सकाळच्या गाडीनं मायलेकरं आणून सोडतो."

"अवो, पर रात्रीचं? रात्रभर मी दळायचं काय?"

आण्णांनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

"ते तुमचं तुमी बघा, पावणं," ते म्हणाले. "नातू तुमचा हाय."